जुन्या गाडीचा पत्रा हाताने घडवताना

मंडळी, जुन्या गाड्यांचा नाद असलेले लोक इथे इंग्लंडात आपल्यातही आहेत. कुणाकडे एमजीबी असते, कुणाकडे मॉरिस मायनर, तर एखाद्याने हौसेने शोधून मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री घेतलेली असते. ही शेवटची गाडी पाहिली की आपल्या तोंडून "अरे, ही तर ॲम्बॅसडर!" असेच निघते, आणि ते बरोबरच आहे. १९५६ ते १९५९ या काळात ऑक्सफर्डजवळच्या काउली येथे बनलेल्या याच गाडीवरून हिंदुस्तान मोटर्सची ॲम्बॅसडर निघाली आणि ती कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात थेट २०१४ पर्यंत तयार होत राहिली.

अशा गाडीचे इंजिन, ब्रेक, वायरिंग ही कामे पुस्तक समोर ठेवून, धीर धरून जमतात. गाडी अडते ती पत्र्यापाशी. चाकावरची कमान गंजून जाळी झालेली असते, दाराखालचा सिल हाताने दाबला तर चुरा होतो, आणि हवा तो भाग कुठल्याच यादीत सापडत नाही. मग तो हाताने घडवण्याला पर्याय उरत नाही. हे काम स्वतः करू पाहणाऱ्यांना, आणि दुसऱ्याकडे सोपवून भलेमोठे बिल हातात आल्यावर चकित होणाऱ्यांनाही, त्यात नेमके काय चालते हे कळावे म्हणून ही माहिती.

बाहेरून पाहणाऱ्याला हे काम ठोकाठोकीचे वाटते. प्रत्यक्षात तो लांबीचा हिशोब आहे. पत्र्याचा कोणता भाग किती लांबवायचा, कोणता किती आखडायचा, एवढाच प्रश्न असतो. आपल्याकडे गॅरेजमध्ये पुट्टीलाही लांबीच म्हणतात, हा योगायोग मजेशीर आहे. पहिल्या लांबीचा हिशोब चुकला की दुसरी लांबी भरावी लागते!

विकत, ठिगळ की नवा भाग?

आधी हा निर्णय करावा. तयार भाग मिळत असेल तर हौसेखातर घडवू नये. एमजीबीवाले या बाबतीत सुखी आहेत. ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८ मध्ये मूळ साचे वापरून त्या गाडीचा अख्खा नवा सांगाडाच बाजारात आणला. ऑक्सफर्डसारख्या साध्या घरगुती सलून गाडीच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. शिवाय मूळ साच्यातून न निघालेले, नकलेवरून केलेले भाग बाजारात असतात. त्यांतले काही छान बसतात, काहींना कापून-जोडून बसवण्यात नवा घडवण्याइतकाच वेळ जातो. म्हणून विकत घेतलेला भाग रंगवण्यापूर्वी गाडीवर चिमट्यांनी धरून पाहावा.

ठिगळाबद्दल माझे मत सरळ आहे. गंज जिथे संपून निकोप पत्रा सुरू होतो त्याच्या थोडे पलीकडे कापावे, आणि तेवढाच तुकडा नवा करावा. मूळ पत्रा जितका राहील तितका चांगला. त्यात गाडीचा इतिहास आहे म्हणून, आणि त्याचा आकार कारखान्यातल्या साच्याने दिलेला आहे म्हणूनही. तो आकार पुन्हा मिळवणे सोपे नसते. काउलीला १९२६ मध्ये विल्यम मॉरिस आणि फिलाडेल्फियाची बड कंपनी यांच्या सहभागातून प्रेस्ड स्टील कंपनी सुरू झाली. प्रचंड प्रेसमध्ये दोन साच्यांच्या मध्ये पत्रा दाबून अख्खे दार किंवा मडगार्ड काढण्याची ही पद्धत. त्याआधी, आणि महागड्या गाड्यांच्या बाबतीत नंतरही, कारागीर लाकडी सांगाड्यावर हाताने पत्रा चढवत. आज आपण करतो ते असे की प्रेसने क्षणात केलेले काम हातोड्याने कित्येक तासांत करतो.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. कापून काढलेला गंजका तुकडा, मग तो कितीही केविलवाणा दिसो, नवा तुकडा जोडून होईपर्यंत फेकू नका. कडा कुठे वळते, भोक कुठे आहे, घडीची रुंदी किती, हे सगळे त्याच्यावर लिहिलेले असते. कितीतरी गाड्यांचे काम अडते ते "कचरा" म्हणून हा तुकडा आधीच स्किपमध्ये गेल्यामुळे.

पत्रा कोणता?

जुनी माणसे जाडी गेजमध्ये सांगतात, आणि गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे नव्या माणसाला गोंधळात टाकते. ब्रिटिश मोजणीत २० गेज म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर, १८ गेज १.२ आणि १६ गेज १.६. त्या काळच्या बहुतेक गाड्यांची बाहेरची कातडी २० गेजच्या आसपास, तळ आणि सिल त्याहून जाड. अंदाजावर जाऊ नका. निकोप कडेचा रंग खरवडून मायक्रोमीटरने मोजा. साधा, थंड अवस्थेत लाटलेला मऊ पोलादी पत्रा घ्यावा. दुकानदार जुना असेल तर सीआर फोर म्हणेल, नवा असेल तर डीसी झिरो वन. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा गंजाला तोंड देतो, पण सांधताना जस्त जळून धूर होतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो. सांध्याजवळचे जस्त आधी घासून काढा आणि दारे उघडी ठेवा.

कापण्याआधी

ऑक्सफर्डला वेगळी चॅसी नाही. तळ, सिल, खांब आणि छप्पर मिळूनच गाडीचा भार उचलतात. अशा गाडीचा सिल कापला की दाराची चौकट हळूच मिटते किंवा उघडते. हे डोळ्यांना दिसत नाही. नवा सिल जोडून झाल्यावर दार लागत नाही तेव्हा कळते, आणि तोवर उशीर झालेला असतो. म्हणून कापण्याआधी दाराच्या पोकळीत चौकोनी पोलादी नळीचे आडवे-तिरपे टेकू जोडावेत, गाडी समपातळीत आणि आपल्या नेहमीच्या आधारांवर उभी असावी, दारांच्या फटी मोजून कागदावर लिहून ठेवाव्यात आणि एका वेळी एकच बाजू उघडावी. दारे तात्पुरती बसवून फटी पुन्हा पुन्हा तपासत राहणे, हे कंटाळवाणे पण पूर्ण कामातले सर्वांत स्वस्त विमासंरक्षण आहे.

मग नमुना घ्यायचा. जाड कागद लोहचुंबकांनी पत्र्यावर चिकटवून कडा पेन्सिलने घासून उमटवतात, त्यावरून सपाट आकार मिळतो. उंच-सखलपणासाठी पुठ्ठ्याचे किंवा पातळ प्लायचे उभे काप करतात, साधारण दर १०० मिलिमीटरला एक, आणि प्रत्येक काप कुठे टेकवायचा याची खूण गाडीवर करून ठेवतात. तुमची बाजू पूर्ण गेली असेल तर दुसऱ्या बाजूचा नमुना घेऊन उलटा करावा. दोन्ही बाजू गेल्या असतील तर तशीच गाडी असलेल्या दुसऱ्या मालकाकडे पुठ्ठा आणि कात्री घेऊन जावे. अशी माणसे बहुधा चहा पाजूनच परत पाठवतात. मोठा भाग करायचा असेल तर हेच काप उभे-आडवे जोडून लाकडी ठोकळा तयार करतात. कारागीर त्याला बक म्हणतात. पत्रा बकवर ठोकत नाहीत, तो फक्त मधून मधून त्यावर ठेवून पाहायचा असतो.

लांबीचा हिशोब

पत्र्याला आपण तीनच गोष्टी करू शकतो : वाकवणे, लांबवणे आणि आखडवणे. नळीसारखा किंवा घडीसारखा आकार नुसत्या वाकवण्याने होतो, कारण त्यात बाक एकाच दिशेने असतो. दोन्ही दिशांनी बाक आला, जसा पालथ्या परातीला असतो, की वाकवणे पुरत नाही. मधला भाग लांबवावा लागतो किंवा कडा आखडावी लागते.

किती? इथे आकडे पाहण्यासारखे आहेत. समजा दाराच्या ६०० मिलिमीटर रुंदीत मध्यावर १२ मिलिमीटर फुगवटा आहे. डोळ्यांना तो चांगला भरदार दिसतो. पण त्या वक्ररेषेची लांबी सरळ रेषेपेक्षा जास्त किती, तर जेमतेम ०.६४ मिलिमीटर. म्हणजे पूर्ण रुंदीत एक मिलिमीटरसुद्धा नाही! यावरून दोन गोष्टी कळतात. एक, फार ठोकण्याची गरजच नसते. नवशिक्याचा पत्रा बिघडतो तो कमी ठोकल्याने क्वचित, जास्त ठोकल्याने नेहमी. दुसरी, अर्धा मिलिमीटर इकडे तिकडे झाला तरी आकार पूर्ण बदलतो. सांध्याच्या वेळी हे पुन्हा लक्षात ठेवावे लागेल.

आता चाकाच्या कमानीची आतली घडी घ्या. कमानीची त्रिज्या ३३० मिलिमीटर आणि आत वळलेली घडी १२ मिलिमीटर धरू. सपाट पत्र्यात त्या घडीची कड ३१८ च्या त्रिज्येवर होती. अर्धवर्तुळात ती सुमारे ९९९ मिलिमीटर भरते. घडी काटकोनात वळवली की तीच कड ३३० च्या त्रिज्येवर येते, म्हणजे १,०३७ मिलिमीटर व्हावी लागते. ३८ मिलिमीटर वाढ, जवळपास चार टक्के. दाराच्या फुगवट्याच्या मानाने हे प्रचंड आहे, आणि कमानीची घडी करताना कडा फाटतात त्याचे कारणही हेच. उलट, बाहेरच्या गोल कडेला, म्हणजे डब्याच्या झाकणासारखी घडी करायची असेल तेव्हा कड आखडावी लागते, नाहीतर तिला चुण्या पडतात.

ठोकणे आणि मठारणे

लांबवण्यासाठी पत्रा वाळूने भरलेल्या कातडी पिशवीवर ठेवून नासपतीच्या आकाराच्या लाकडी मोगरीने ठोकतात. या टप्प्यावर पत्रा अक्रोडासारखा ओबडधोबड दिसतो आणि नवा माणूस घाबरतो. घाबरू नये. आखडवण्यासाठी कडेला मुद्दाम चुण्या पाडतात आणि त्या टोकाकडून बंद करत ठोकून पत्र्यातच जिरवतात. झाडाच्या बुंध्यात कोरलेला खळगा याला उत्तम. हल्ली जबड्यात पत्रा पकडून खेचणारे किंवा आखडणारे हाताचे छोटे यंत्र मिळते. घडीच्या कामाला ते फार सोयीचे आहे, फक्त जबड्यांचे दात पत्र्यावर उमटतात ते नंतर घासावे लागतात.

मग येते गुळगुळीत करणे, आणि त्यासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे : मठारणे. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत घागरी-बंबांवर चालते ते मठारकाम. खाली घट्ट आधार, वर आरशासारख्या तोंडाचा हातोडा, आणि एकाला लागून एक असे एकसारखे हलके ठोके. मोटारीच्या पत्र्यालाही हेच करतात. आतून पोलादी ठोकळा धरायचा, त्याला इथे डॉली म्हणतात, आणि बाहेरून सपाट तोंडाचा हातोडा चालवायचा. हातोडा बरोबर डॉलीवर पडला तर पत्रा मध्ये चिरडून लांबतो, आणि आवाज टणक येतो. डॉलीच्या बाजूला पडला तर उंचवटा खाली जातो आणि शेजारचा खळगा वर येतो, पत्रा फारसा लांबत नाही. हा आवाजातला फरक कानाला कळू लागला की निम्मे काम आले म्हणायचे. तांबटाची मठार दागिन्यासारखी भांड्यावर राहते, आपल्याला मात्र एकही ठसा ठेवायचा नसतो, एवढाच फरक.

मोठ्या, सौम्य बाकाच्या भागांना चाकांचे यंत्र वापरतात. अमेरिकेत याला इंग्लिश व्हील म्हणतात. खुद्द इंग्लंडातले जुने कारागीर व्हीलिंग मशीन म्हणतात. वर सपाट रुंद चाक, खाली बाक असलेले छोटे चाक, मध्ये पत्रा. पुढे-मागे लाटत नेले की पट्ट्यापट्ट्याने तो किंचित पातळ होऊन फुगतो. पोळी लाटताना आपण मधून बाहेर जोर देतो आणि कडेला हात हलका करतो, तसाच इथेही हात लागतो. दाब जास्त देण्यापेक्षा फेरे जास्त घ्यावेत. दाब जास्त झाला की पट्टे उमटतात आणि ते काढण्यात दिवस जातो.

कमानीचा तुकडा करायचा क्रम साधारण असा. आकार कापल्यावर आधी घडीची कड कानशीने गुळगुळीत करायची, कारण फाटण्याची सुरुवात कात्रीच्या एखाद्या बारीक दातऱ्यापासून होते. कमानीच्या आकाराचे दोन कठीण लाकडी ठोकळे करून पत्रा त्यांत घट्ट धरायचा आणि बाहेर आलेली कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थोडी थोडी वळवत न्यायची. एका फेरीत फार तर ३० अंश. एकाच जागी काटकोन करायला गेलात तर ती चार टक्के वाढ सगळी तिथेच मागितली जाते आणि पत्रा फाटतो. घडी झाल्यावर वरच्या भागाला चाकावर किंवा पिशवीवर हलका बाक, आणि दर पाच मिनिटांनी पुठ्ठ्याचा काप लावून तपासणी.

सांधा

इथे बरेच चांगले तुकडे वाया जातात. वितळलेला सांधा थंड होताना आकसतो आणि दोन्ही बाजूंचा पत्रा आपल्याकडे ओढतो. वर पाहिलेला ०.६४ मिलिमीटर आठवा. एवढी आकुंचनाची रक्कम लांब सांध्यात सहज जमा होते, आणि मेहनतीने दिलेला फुगवटा सपाट होतो किंवा पत्रा डब्याच्या झाकणासारखा टक्-टक् पचकू लागतो. उपाय म्हणजे सांधा ठोकून पुन्हा लांबवणे, आणि ते शक्य व्हावे म्हणून डॉली मागे पोहोचेल अशाच जागी सांधा घ्यावा. कापायची रेघ आखतानाच याचा विचार हवा.

मिग यंत्र घरोघरी असते, वापरायला सोपे असते, पण त्याचा सांधा कडक होतो आणि नीट मठारता येत नाही. टिग किंवा जुन्या गॅसच्या ज्योतीचा सांधा मऊ राहतो. मिगच असेल तर ०.६ मिलिमीटरची तार, कडांमध्ये तारेइतकीच फट, आणि सलग न ओढता ठिपके. दर २५ मिलिमीटरला एक ठिपका, मग त्यांच्या मध्ये, मग त्यांच्या मध्ये, प्रत्येक वेळी दूरची जागा निवडून आणि आधीचा हाताला कोमट लागेपर्यंत थांबून. घाई असणाऱ्याने हे काम रविवारी संध्याकाळी सुरू करू नये. बाहेरच्या कातडीला एकावर एक चढवलेला सांधा टाळावा, कारण दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी साचते आणि इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ पुढचे काम करते.

एखाद्या जागी पत्रा जास्त लांबलाच तर उष्णतेने आखडता येतो. नाण्याएवढी जागा लाल करायची. ती फुगू पाहते, पण भोवतीचा थंड पत्रा तिला पसरू देत नाही, म्हणून ती तिथल्या तिथे जाड होते. डॉली धरून हलके ठोकायचे आणि थंड होऊ द्यायचे. थंड होताना ती पहिल्यापेक्षा लहान होते.

कल्हई, शिसे आणि लांबी

मठारून झाल्यावर कानस फिरवायची. कापण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी. उंच जागा चकाकतात, खोल जागा काळ्या राहतात. ग्राइंडरने उंचवटे उडवणे हा झटपट मार्ग वाटतो, पण ०.९ मिलिमीटरच्या पत्र्यात उडवायला आहेच काय?

राहिलेल्या सूक्ष्म खळग्यांसाठी पूर्वी शिसे भरत, आणि कारखान्यातही जोडांवर तेच भरलेले असे. त्याची पहिली पायरी आपल्या ओळखीची आहे, ती म्हणजे कल्हई. भांड्याला नवसागर टाकून कथील फिरवतात, तसे इथे पत्रा लखलखीत करून, फ्लक्स लावून, गरम करून कथिलाचा पातळ थर पुसून घेतात. मग ७० टक्के शिसे आणि ३० टक्के कथील यांची कांडी. ती सुमारे १८३ ते २५५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान लोण्यासारखी मऊ राहते, तेवढ्या अवधीत चरबी लावलेल्या लाकडी पट्टीने पसरवायची. फ्लक्सचा अंश नीट धुतला नाही तर काही महिन्यांत रंगाला फोड येतात. शिसे कानशीनेच घासावे, यंत्राने कधीही नाही. त्याची धूळ विषारी असते, आणि ती कपड्यांवरून घरात, मुलांपर्यंत जाते. जुन्या रंगातही शिसे असू शकते हे विसरू नये.

लांबीला नावे ठेवण्याची फॅशन आहे. मला ती पटत नाही. उघड्या, नीट घासलेल्या पत्र्यावर एक मिलिमीटरचा थर वर्षानुवर्षे टिकतो. वाईट आहे ते गंजाच्या भोकावर जाळी चिकटवून बोटभर लांबी थापणे. जुनी गाडी विकत घ्यायला जाताना पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक खिशात असू द्यावे. ते जिथे धरत नाही तिथे काय आहे ते विक्रेत्याला विचारावे.

ॲल्युमिनियमचे थोडे वेगळे. युद्धानंतर पोलादाच्या टंचाईमुळे १९४८ च्या लँड रोव्हरला बर्माब्राइट नावाचे ॲल्युमिनियमचे मिश्रण वापरले गेले, आणि जॅग्वारने २०१४ पासून पुन्हा बनवलेल्या सहा लाइटवेट ई-टाइप गाड्याही ॲल्युमिनियमच्याच. ही धातू हाताला मऊ, पण ठोकून लवकर कडक होते आणि मधून मधून तापवून नरम करावी लागते. तापताना ती लाल होत नाही, म्हणून वर साबण चोळतात. साबण काळपट तपकिरी झाला की थांबायचे. आणखी थोडे तापवले की मध्येच भोक पडते.

थोडे नियमांविषयी

हे इथल्या, म्हणजे युनायटेड किंग्डममधल्या वाचकांसाठी. ४० वर्षांपेक्षा जुन्या आणि गेल्या ३० वर्षांत मोठा बदल न केलेल्या गाडीला २० मे २०१८ पासून एमओटीची सक्ती नाही. मूळ नमुन्याप्रमाणेच बदललेला भाग मोठा बदल धरला जात नाही. पण गाडी रस्त्यावर सुरक्षित असण्याची जबाबदारी मालकाचीच राहते, म्हणून सिल किंवा तळाचे काम केल्यावर मी म्हणेन, एमओटी स्वखुशीने करून घ्यावीच. परीक्षक सीटबेल्ट, सस्पेन्शन, स्टिअरिंग यांच्या जोडाच्या जागेपासून ३० सेंटीमीटरच्या आतला गंज पाहतो, आणि अशा जागी ठिगळ चारही बाजूंनी सलग सांधलेले हवे. ठिपक्यांवर सोडलेले चालत नाही. २६ ऑगस्ट २०२५ पासून डीव्हीएलएने नियम आणखी सोपे केले. मूळ रूप तसेच राखून केलेली दुरुस्ती, आणि नोंदणीपत्रातील तपशील बदलत नसतील तर, कळवावी लागत नाही. चॅसी किंवा सांगाडा कापून रचना बदलली तर मात्र कळवावे लागते. कामाच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून ठेवावेत. विमा कंपनीशी गाडीची किंमत ठरवताना आणि पुढे गाडी विकताना बंद सिलच्या आत काय आहे ते दाखवायला दुसरा पुरावा नसतो.

आणि सिल बंद केल्यावर, रंगानंतर, निचऱ्याच्या भोकांतून आत मेणाचा फवारा मारायचा. मूळ गंज आतूनच सुरू झालेला असतो. भोके मेणाने बुजली नाहीत ना, हे तारेने तपासून घ्यावे.